उकरण्याआधी विचारा

जानेवारी २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीने आपली दोन मोठी दालनं बंद केली. शिकागोच्या फील्ड म्युझियमने काही कपाटांच्या काचा झाकून टाकल्या. मूलनिवासी जमातींच्या पूर्वजांचे अवशेष आणि पवित्र वस्तू परत करण्यासाठी अमेरिकेत १९९० साली कायदा झाला. त्याची नवी नियमावली त्या महिन्याच्या १२ तारखेपासून लागू झाली होती. अशी वस्तू मांडायची असेल, कुणाला हाताळायला द्यायची असेल किंवा तिच्यावर संशोधन करायचं असेल, तर आता संबंधित जमातीची संमती आधी घ्यावी लागते. झाकलेल्या कपाटांचे फोटो जगभर फिरले आणि त्यांच्या पाठोपाठ एक जुना वाद नव्याने पेटला: विज्ञान मोठं की श्रद्धा? एका बाजूने ओरड झाली की धार्मिक भावनांपुढे संशोधनाचा बळी दिला जातोय. दुसऱ्या बाजूने उत्तर आलं की पुरातत्त्व म्हणजे नुसती थडग्यांची लूट. गेली काही वर्षं मी हा वाद जवळून ऐकते आहे, आणि दोन्ही बाजू तो चुकीच्या जागी उभ्या राहून लढत आहेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

मी कॅलिफोर्नियात पुरातत्त्वज्ञ म्हणून काम करते. रस्ता, गटार, धरण, गृहसंकुल असं काही उभं राहायच्या आधी त्या जमिनीखाली कुणाचा वारसा आहे ते शोधायचं आणि तो वाचवायचा मार्ग सुचवायचा, हे माझं काम. महाराष्ट्रात अंधश्रद्धेविरुद्ध बोलण्याची किंमत माणसांनी जिवानिशी मोजली आहे. त्यामुळे 'विज्ञान विरुद्ध श्रद्धा' असं कुणी म्हटलं की मराठी वाचकाचं मन आपसूक विज्ञानाच्या बाजूने झुकतं. माझंही झुकतं. म्हणूनच मला सांगायचं आहे की इथे त्या चौकटीत विचार करणं ही आपली फसगत आहे. जमातीची संमती घेतल्याने पुरातत्त्वाचं शास्त्र कमकुवत होत नाही, ते अधिक पक्कं होतं. आणि ज्या नासधुशीची भीती घातली जाते, ती जमातींच्या हातून होतच नाही. ती बुलडोझरच्या पात्याखाली होते, आणि बऱ्याचदा माझ्याच व्यवसायाच्या सहीशिक्क्यानिशी होते.

हा कायदा आला कशातून, ते आधी पाहू. १९७१ साली आयोवा राज्यात ग्लेनवूड गावाजवळ महामार्गाचं काम सुरू असताना एक जुनं दफनस्थळ लागलं. त्यात २६ गोऱ्या वसाहतवाल्यांचे अवशेष निघाले. एक मूलनिवासी स्त्री आणि तिचं बाळही निघालं. गोऱ्यांच्या अस्थी नव्या शवपेट्यांत ठेवून गावच्या दफनभूमीत सन्मानाने पुरल्या गेल्या. ती बाई आणि तिचं बाळ मात्र खोक्यात भरून अभ्यासासाठी प्रयोगशाळेत गेले. एकच जमीन, एकच खोदकाम, एकच सरकारी खातं. मारिया पिअर्सन या यँक्टन डकोटा जमातीच्या बाईंना ही गोष्ट त्यांच्या नवऱ्याकडून कळली. तो महामार्ग खात्यातच इंजिनिअर होता. त्या पारंपरिक पोशाखात थेट राज्यपालांच्या कचेरीत जाऊन बसल्या. आमच्या माणसांची हाडं परत द्या आणि ती उकरणं थांबवा, एवढीच त्यांची मागणी होती. त्यातून १९७६ साली आयोवाचा दफन-संरक्षण कायदा झाला आणि पुढे १९९० च्या केंद्रीय कायद्याची वाट मोकळी झाली. यात श्रद्धा आणि विज्ञान यांचं भांडण कुठे आहे? अभ्यासाला मोल होतं तर त्या २६ जणांचाही अभ्यास का झाला नाही? एकोणिसाव्या शतकातल्या वसाहतवाल्यांचा आहार काय होता, त्यांना कोणते आजार होते, हेही शास्त्राला हवंच असतं की. तिथे शास्त्राने आपणहून मर्यादा पाळली, कारण ते 'आपले' मेलेले होते. पिअर्सनबाई मागत होत्या ती हीच मर्यादा, सर्वांसाठी.

यामागे फार जुनी परंपरा आहे. थॉमस जेफरसन यांना अमेरिकन पुरातत्त्वाचे जनक मानतात. १७८० च्या दशकात त्यांनी व्हर्जिनियातला एक दफनाचा उंचवटा पद्धतशीर चर घेऊन खोदला, मातीचे थर नोंदवले, आत हजारभर माणसं पुरलेली असावीत असा अंदाज बांधला. त्या काळाच्या मानाने हे काम थक्क करणारं आहे. पण त्याच वर्णनात ते आणखी एक गोष्ट लिहून जातात. त्याच्या सुमारे ३० वर्षं आधी मूलनिवासींचा एक जथा त्या भागातून जात होता. कुणालाही वाट न विचारता ते लोक रानातून नेमके त्या उंचवट्यापाशी आले, दुःखी चेहऱ्याने काही वेळ तिथे थांबले आणि परत मूळ रस्त्याला लागले. एवढ्यासाठी त्यांनी पाच-सहा मैलांची वाट वाकडी केली होती. जेफरसन यांनी ही नोंद केली आणि खोदलं. त्या माणसांचा इथल्या मृतांशी काही संबंध असेल, त्यांना विचारावं, हे त्यांच्या मनात आलं नाही. अमेरिकन पुरातत्त्वाच्या पहिल्याच पानावर वारस हजर आहेत, आणि पहिल्याच पानावर त्यांना वगळलेलं आहे.

पुढच्या शतकात हे वगळणं सोयीचं राजकारण झालं. मिसिसिपी आणि ओहायोच्या खोऱ्यांतले भव्य मातीचे टेकाड या 'रानटी' लोकांनी बांधले असणंच शक्य नाही, ते कुठल्या तरी लुप्त झालेल्या थोर वंशाचं काम, अशी समजूत पसरली. १८३० साली राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनी काँग्रेसला पाठवलेल्या संदेशात हीच समजूत वापरली. एक वंश दुसऱ्याला जागा करून देतो, हा जगाचा नियमच, मग आज जमातींना हुसकावलं तर बिघडलं कुठे? त्याच वर्षी त्यांना मिसिसिपीपलीकडे हाकलणारा कायदा मंजूर झाला होता. पुरातत्त्वज्ञ सायरस थॉमस यांनी पुराव्यानिशी ही भाकडकथा मोडीत काढली ती १८९४ मध्ये. तोवर जमिनी गेल्या होत्या. मधल्या काळात, १८६८ साली, लष्कराच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याच्या कार्यालयाने मूलनिवासींच्या कवट्या जमा करण्याचा हुकूम काढला. रणांगणावरून, दफनांतून मुंडकी गोळा केली गेली. वंशांची प्रतवारी लावायला ती मोजायची होती. तेव्हा तेही 'विज्ञान'च होतं.

आता समोरच्या बाजूकडे वळते. तिच्याकडे मुद्दे आहेत, आणि ते हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत.

सगळ्यांत जड मुद्दा असा की पुन्हा पुरलेलं हाड पुन्हा विचारता येत नाही. तंत्र दर दशकाला बदलतं. २८ जुलै १९९६ रोजी वॉशिंग्टन राज्यात कोलंबिया नदीच्या काठी दोन तरुणांना एक कवटी सापडली. तोच पुढे 'केनेविक मानव' म्हणून गाजला. वय साडेआठ हजार वर्षांच्या आसपास. जमातींनी त्याला आपला पूर्वज म्हणून मागितलं, आठ शास्त्रज्ञ कोर्टात गेले आणि २००४ साली जिंकले. १९९६ मध्येच त्याला पुरलं असतं तर २०१५ चा जनुकीय अभ्यास झालाच नसता, कारण १९९६ मध्ये ते तंत्रच नव्हतं. हा युक्तिवाद खरा आहे, आणि जे त्याला बगल देतात ते जमातींचंही भलं करत नाहीत. ज्ञान जातं, कायमचं जातं, आणि ते गेल्याचं दुःख मला होतं.

पण त्याच प्रकरणात पुढे काय झालं तेही पाहायला हवं. कवटीच्या मोजमापांवरून काही तज्ज्ञ वर्षानुवर्षं सांगत राहिले की हा माणूस आजच्या मूलनिवासींचा कुणीच नव्हे. त्याचं नातं जपानच्या आयनू या मूळ रहिवाशांशी, पॉलिनेशियाशी असावं. न्यायालयातल्या विजयालाही हाच आधार होता: जमातींशी नातं सिद्ध होत नाही. २०१५ साली 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत जनुकीय निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जगातल्या इतर कुठल्याही लोकसमूहापेक्षा तो आजच्या अमेरिकी मूलनिवासींना जवळचा निघाला. आणि तुलनेसाठी नमुने कुणी दिले? दावा करणाऱ्या जमातींपैकी कोलव्हिलच्या लोकांनी. फेब्रुवारी २०१७ मध्ये पाच जमातींनी मिळून त्याला गुप्त जागी पुरलं. म्हणजे ज्यांना विज्ञानविरोधी ठरवलं ते बरोबर होते, ज्यांनी विज्ञानाच्या नावाने खटला लढवला त्यांचं मुख्य अनुमान चुकलं, आणि ती चूक दुरुस्त करायला मदत झाली ती 'विज्ञानविरोधी' लोकांच्याच जनुकांची. वीस वर्षं एकमेकांविरुद्ध शपथपत्रं करण्यात गेली नसती तर याच माणसाविषयी आपण किती अधिक शिकलो असतो?

ही कल्पनेतली गोष्ट नाही, कारण त्याच महिन्यात तिचं दुसरं रूप घडलं होतं. जुलै १९९६ मध्येच अलास्काच्या प्रिन्स ऑफ वेल्स बेटावरच्या एका गुहेत दहा हजार वर्षांहून जुने मानवी अवशेष मिळाले. तिथल्या वनखात्याच्या पुरातत्त्वज्ञाने काम थांबवलं आणि ताबडतोब ट्लिंगिट जमातीच्या पंचायतींना कळवलं. त्यांच्यातही वाद झाला. काहींना हात लावणंच नको होतं. शेवटी त्यांनी अटी घालून अभ्यासाला परवानगी दिली. २००७ मध्ये त्या माणसाच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, २००८ मध्ये जमातीने त्याला सन्मानाने पुरलं. ना खटला, ना वकिलांची बिलं. दोन्ही ठिकाणचे अवशेष जवळजवळ सारख्याच तोलामोलाचे होते. फरक होता तो आधी विचारण्याचा. केनेविकचं नाव मात्र सगळ्यांना ठाऊक आहे आणि ट्लिंगिटांनी 'शुका का' असं नाव दिलेला हा माणूस फारसा कुणाला माहीत नाही. भांडणाची बातमी होते, सहकार्याची होत नाही. आपलं मत बनतं ते बातमीवर.

दुसरा आक्षेप: मौखिक परंपरा हा पुरावा कसा मानायचा? आजी-आजोबांच्या कथांवर सरकारने निर्णय घ्यायचे का? मौखिक परंपरेतला शब्द न् शब्द अक्षरशः खरा मानावा असं मीही म्हणत नाही. कथा बदलतात, त्यांत दोन घटना मिसळतात, सत्तेच्या सोयीने त्यांना वळण दिलं जातं. पण लेखी कागदालाही हे सारं लागू आहे. तरी कागद आपण फाडून टाकत नाही, तपासून घेतो. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरच्या जमाती पिढ्यानपिढ्या सांगत आल्या होत्या की एका हिवाळी रात्री जमीन हादरली आणि समुद्र गावं गिळून गेला. त्यांच्या कथेत ते गरुडासारख्या महाकाय पक्ष्याचं आणि देवमाशाचं युद्ध होतं. भूवैज्ञानिकांना त्या किनाऱ्यावर प्रचंड भूकंप होऊन गेल्याचे ठोस पुरावे १९८० च्या दशकात मिळाले. नंतर जपानमधल्या जुन्या दप्तरांतली एक 'अनाथ' त्सुनामी, म्हणजे जिच्याआधी तिथे भूकंप जाणवलाच नव्हता अशी, त्याच्याशी जुळली आणि तारीख निघाली, २६ जानेवारी १७००. कथेने तारीख सांगितली नव्हती, पण घटना सांगितली होती, ऋतू सांगितला होता, विद्यापीठांच्या कितीतरी आधी.

त्याच किनाऱ्यावर ओझेट नावाचं मकाह जमातीचं गाव होतं. एका रात्री डोंगराचा चिखल घसरला आणि घरं गाडली गेली, असं मकाह लोक सांगत. १९७० च्या वादळात किनारा कापला गेला आणि खरोखरच लाकडी घरं उघडी पडू लागली. जमातीच्या प्रमुखांनी स्वतः रिचर्ड डॉहर्टी या प्राध्यापकांना बोलावून घेतलं. अकरा वर्षं काम चाललं, ५५ हजारांवर वस्तू निघाल्या. एरवी कुजून जाणाऱ्या टोपल्या, दोर, लाकडी पेट्या, सारं चिखलामुळे टिकलेलं होतं. एखादी वस्तू कशाची हे विद्यार्थ्यांना कळेना तेव्हा जमातीतली म्हातारी माणसं ती हातात घेऊन सांगत. वस्तू जमातीच्या हाताबाहेर गेल्या नाहीत. नीआ बे इथे १९७९ साली जमातीचं स्वतःचं संग्रहालय उघडलं आणि त्या तिथे आहेत. अमेरिकेतल्या सर्वांत समृद्ध उत्खननांपैकी हे एक, आणि ते जमातीच्या निमंत्रणावरून झालं. मग जमाती पुरातत्त्वाच्या वैरी आहेत असं कोणत्या तोंडाने म्हणायचं?

आता माझ्या रोजच्या कामाकडे येते, कारण वादातली सर्वांत मोठी भूल तिथे दिसते. सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या काठाने एके काळी शिंपल्यांचे प्रचंड ढीग होते. हजारो वर्षं माणसं तिथे राहिली, जेवली, सण-समारंभ केले आणि आपली मेलेली माणसं तिथेच पुरली. तिथले मूळ रहिवासी असलेल्या ओलोनी लोकांसाठी ती स्मशानं आहेत, पवित्र जागा आहेत. पुरातत्त्वज्ञ नेल्स नेल्सन यांनी १९०९ साली असे सव्वाचारशे ढीग नकाशावर मांडले. त्यातला एक मोठा ढीग एमरीव्हिलमध्ये होता. त्याच्या माथ्यावर आधी लोकांच्या करमणुकीसाठी नाचघर बांधलं गेलं. १९०२ मध्ये पुरातत्त्वज्ञ माक्स उले यांनी तिथे उत्खनन केलं. १९२४ मध्ये वाफेच्या फावड्याने तो सपाट करण्यात आला, शेकडो दफनं निघाली, आणि त्या जागी कारखाने आले. शतक संपता संपता तिथे मॉल बांधायला घेतला, पुन्हा शेकडो मृतदेहांचे अवशेष निघाले, आणि मॉल उघडला. त्याच्या समोरच्या रस्त्याला 'शेलमाउंड स्ट्रीट' म्हणतात. थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी, वर्षातल्या सर्वांत मोठ्या खरेदीच्या दिवशी, ओलोनी माणसं तिथे फलक घेऊन उभी राहतात.

मला सांगा, सव्वाचारशे ढिगाऱ्यांमधलं ज्ञान कुणी घालवलं? संमती मागणाऱ्यांनी? एखाद्या जमातीने पूर्वजाला पुन्हा पुरलं तर त्याची चर्चा होते, अग्रलेख येतात. रस्त्यांखाली, वाहनतळांखाली आणि मॉलखाली जे गेलं त्यासाठी कुणी 'विज्ञानाची हानी' म्हणून गळा काढलेला मी ऐकला नाही.

इथे माझ्या व्यवसायाची एक सवय उघड करणं भाग आहे. जागा वाचवता येत नसेल तर ती खोदून, नोंदवून, वस्तू पेट्यांत भरून घ्यायच्या आणि मग बांधकामाला हिरवा कंदील दाखवायचा, याला आम्ही 'नुकसानाची भरपाई' म्हणतो. अहवालात लिहिलं जातं की परिणाम आता गंभीर उरलेला नाही. ज्याची आजी त्या जागेत आहे त्याला हे वाक्य वाचून काय वाटत असेल? ऑस्ट्रेलियातल्या जूकन घळीत हे टोकाला गेलं. तिथल्या शैलाश्रयांतला माणसाचा वावर ४६ हजार वर्षं मागे जात होता. २०१३ मध्ये रिओ टिंटो या खाणकंपनीला ते नष्ट करायची कायदेशीर परवानगी मिळाली. २०१४ मध्ये पुरातत्त्वज्ञांनी सुमारे ७ हजार वस्तू बाहेर काढल्या. त्यात माणसाच्या केसांच्या वेणीचा चार हजार वर्षं जुना तुकडा होता, आणि त्याचं जनुकीय नातं तिथल्या आजच्या पुतु कुंती कुर्रामा आणि पिनिकुरा लोकांशी जुळलं. सगळं शास्त्रशुद्ध नोंदवलं गेलं. मे २०२० मध्ये लोहखनिजासाठी सुरुंग लावून ते शैलाश्रय उडवले गेले. एकही कायदा मोडला नव्हता. संशोधन झालं म्हणजे वारसा वाचला, हे समीकरण त्या स्फोटानंतर कुणी तोंडातून काढू नये.

कॅलिफोर्नियाने २०१४ साली केलेला कायदा म्हणूनच मला महत्त्वाचा वाटतो. तो जुलै २०१५ पासून लागू आहे. त्यात जमातींच्या सांस्कृतिक वारशाला पर्यावरण-तपासणीत स्वतंत्र स्थान मिळालं. त्या जागेचं महत्त्व काय हे ठरवताना फक्त पुरातत्त्वज्ञाचं मत पुरत नाही. जमातीचं मतही ग्राह्य पुरावा ठरतं. खोदण्यापेक्षा जागा टाळणं आणि आहे तशी राखणं बरं, असा त्याचा कल आहे. पण त्याची ताकदही नेमकी ओळखायला हवी. कायदा सल्लामसलत बंधनकारक करतो. नकाराचा अधिकार देत नाही. जमातींच्या हातात विज्ञानाची नाडी गेली असं जे म्हणतात त्यांनी एकदा या बैठकांना येऊन बसावं.

बैठक तर दूरच, नुसता एखादा चर खणताना काय होतं ते सांगते. पाण्याच्या वाहिनीसाठी पोकलेन चालू होतं. वरचा पिवळा भराव संपला आणि बकेटच्या दातांना काळी, तेलकट, शिंपल्यांच्या चुऱ्याने चमचमणारी माती लागली. ही माती पाहिली की आमच्या क्षेत्रात कुणालाही कळतं, इथे माणसं राहिली आहेत. माझ्या शेजारी खोदकामावर नजर ठेवायला जमातीने नेमलेल्या मॉनिटर उभ्या होत्या, साठी ओलांडलेल्या बाई. मी बकेटकडे पाहत होते, त्या चराच्या भिंतीकडे पाहत होत्या. त्यांनी हात वर केला. भिंतीत बोटाच्या पेराएवढं काहीतरी फिकट दिसत होतं. इंजिन बंद झालं. मी कॅमेरा काढला, तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "फोटो नको." मी कॅमेरा ठेवला आणि मोजपट्टी, वही घेतली. कायद्यानुसार मग कॉरोनरला, म्हणजे मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला, फोन जातो; अवशेष मूलनिवासींचे आहेत असं त्याने ठरवलं की २४ तासांत राज्याच्या मूलनिवासी वारसा आयोगाला कळवलं जातं; आयोग सर्वांत संभाव्य वंशज नेमतो; त्या वंशजाला जागेवर यायला मिळाल्यापासून ४८ तासांत आपलं म्हणणं मांडायचं असतं. प्रकल्पाचे आराखडे कित्येक वर्षं चाललेले असतात आणि हजारो वर्षं विसावलेल्या माणसाचं काय करायचं याचा विचार करायला त्याच्या नातलगांना दोन दिवस. त्या दिवशी वाहिनी थोडी वळवता आली, म्हणून निभावलं. नेहमी वळवता येत नाही, कारण आम्हाला बोलावलं जातं तेव्हा नकाशे मंजूर झालेले असतात.

तिसरा आक्षेप पैशाचा आणि प्रामाणिकपणाचा आहे. जमातींतही गट असतात, कोणता वंशज खरा यावरून भांडणं होतात, मॉनिटरचं मानधन विकासक देतो, त्यामुळे काम लांबवण्यात कुणाचा तरी फायदा असू शकतो. हे होत असेल, मी नाकारत नाही. पण माझी फी कोण देतं? तोच विकासक. काम लवकर आटोपण्यात माझ्या कंपनीचा फायदा असतो, पुढचं कंत्राट त्यावर ठरतं. तरी माझा अहवाल 'तज्ज्ञमत' आणि त्यांचं म्हणणं 'हितसंबंध', हा न्याय कुठला? दोन्हींवर देखरेख हवी. सरकारने शुल्क गोळा करून दोघांनाही स्वतंत्रपणे पैसे द्यावेत, अशी व्यवस्था उभी करता येईल. एकालाच संशयाच्या पिंजऱ्यात उभं करून मात्र काही साधणार नाही.

आणि तज्ज्ञ कुणाला म्हणायचं? सप्टेंबर २०१६ मध्ये स्टँडिंग रॉक जमातीच्या वतीने, जमातीचे माजी वारसा-संरक्षण अधिकारी टिम मेंट्झ यांनी न्यायालयात प्रतिज्ञापत्र दिलं की नॉर्थ डकोटातल्या नियोजित तेलवाहिनीच्या मार्गावर दगडी रचना आणि दफनं आहेत. दुसऱ्याच दिवशी, सुट्टीच्या शनिवारी, कंपनीचे बुलडोझर नेमके त्या पट्ट्यावरून फिरले. राज्याच्या पुरातत्त्वज्ञांनी नंतर पाहणी करून सांगितलं की महत्त्वाचं काही नष्ट झाल्याचं दिसत नाही. माती उलटीपालटी झाल्यावर आता कुणाचं खरं हे कायमचं अनिर्णित राहणार. गवताळ प्रदेशातली दगडांची एखादी ओळ मला शेतातून वेचून टाकलेले दगड वाटू शकते. ज्याच्या आजोबांनी उपवासासाठी तशीच ओळ मांडली होती त्याला ती वाचता येते. हे डोळे भरतीच्या जाहिरातीतून मिळत नाहीत. अमेरिकेत आता २०० हून अधिक जमातींची स्वतःची वारसा-संरक्षण कार्यालयं आहेत. १९९२ च्या कायदादुरुस्तीने ती शक्य झाली. त्यातल्या कित्येक ठिकाणी दोन-तीन माणसं वर्षाला शेकडो प्रकल्पांची पत्रं वाचतात आणि ठरलेल्या मुदतीत उत्तर गेलं नाही की 'जमातीचा आक्षेप नाही' असं गृहीत धरलं जातं.

हे सारं दूरदेशीचं, आपल्याला काय, असं कुणी म्हणेल. पण ऑक्टोबर २०२४ मध्ये इंग्लंडमधल्या एका लिलावात नागा माणसाची कवटी विक्रीला ठेवली गेली तेव्हा आपल्याला काय वाटलं? नागालँडच्या मुख्यमंत्र्यांनी विरोध केला, आरडाओरडा झाला आणि ती मागे घेतली गेली. तेव्हा कुणीही असं म्हटलं नाही की कवटी परत दिली तर मानववंशशास्त्राचं नुकसान होईल. आणि २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने ओडिशातल्या नियमगिरी डोंगराचा प्रश्न ग्रामसभांकडे सोपवला. बाराच्या बारा ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला. डोंगरिया कोंध आदिवासींचा डोंगर हा देव आहे की नाही, हे न्यायालयाने तपासलं नाही. तो कुणाचा आणि कुणाला विचारायला हवं, एवढंच पाहिलं. संमतीच्या तत्त्वासाठी श्रद्धा मान्य करावी लागत नाही. मी नास्तिक आहे. त्या चराच्या काठावर कॅमेरा पिशवीत ठेवताना मला आत्म्यावर विश्वास ठेवावा लागला नाही.

१९९० च्या कायद्याला तीन दशकं उलटून गेल्यावर, २०२३ मध्येही, अमेरिकेतल्या संग्रहालयांत आणि विद्यापीठांत १ लाख १० हजारांहून अधिक मूलनिवासींचे अवशेष पडून होते. बऱ्याच संस्थांचा बहाणा एकच: यांचं आजच्या कुठल्या जमातीशी नातं आहे ते ठरवता येत नाही. नव्या नियमांनी 'अनोळखी' हा शिक्काच काढून टाकला आणि याद्या नव्याने करायला पाच वर्षं दिली. इतकी वर्षं पेट्या उघडूनही न पाहणाऱ्यांनी आज संशोधन थांबल्याची तक्रार करावी हे मला पटत नाही.

नातं ठरवता येत नाही, या म्हणण्याचा इतिहास खाडीकाठच्या ओलोनी लोकांनी अंगावर झेलला आहे. आल्फ्रेड क्रोबर हे कॅलिफोर्नियाच्या मानववंशशास्त्रातलं सर्वांत मोठं नाव. १९२५ साली त्यांनी आपल्या ग्रंथात या लोकांविषयी लिहिलं की व्यवहारतः ते नामशेष झाले आहेत. माणसं जिवंत होती, त्यांना मुलंबाळं होती. पण पुस्तकात मेलेल्या जमातीला जमीन कोण देणार, तिच्याशी सल्लामसलत कोण करणार? मुवेक्मा ओलोनी जमातीला केंद्र सरकारची मान्यता आजही नाही. सुनोल खोऱ्यात पाणीपुरवठा विभागाच्या बांधकामाआधी त्यांच्या पूर्वजांची दफनं निघाली तेव्हा जमातीने स्वतःहून ठरवलं की जनुकीय अभ्यास व्हावा, आणि प्रश्नही स्वतः घातला: आमचं इथलं नातं किती जुनं आहे? २०२२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या माणसांशी आजच्या मुवेक्मांचं जनुकीय सातत्य दिसलं. शोधनिबंधाच्या लेखकांत जमातीची माणसं आहेत. बर्कलीच्या विद्यापीठाने क्रोबर यांचं नाव इमारतीवरून जानेवारी २०२१ मध्ये काढलं. बर्कलीतला शिंपल्यांच्या ढिगाचा एक तुकडा, जो आज वाहनतळाच्या डांबराखाली आहे, २०२४ साली २ कोटी ७० लाख डॉलर मोजून ओलोनी भूमिन्यासासाठी परत घ्यावा लागला. मुवेक्मांचा मान्यतेचा अर्ज मात्र २००२ सालीच फेटाळला गेला. केंद्राच्या कायद्यात मान्यता नसलेल्या जमातीला पूर्वजांवर थेट दावा सांगता येत नाही, त्यामुळे दोन हजार वर्षांचं नातं प्रयोगशाळेत सिद्ध होऊनही हे लोक स्वतःच्या मृतांसाठी इतरांच्या मर्जीवर अवलंबून आहेत. विज्ञानाच्या बाजूने लिहिणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांनी आता हा निकाल हातात घेऊन त्यांच्या बाजूने साक्ष द्यायला जावं.